साठाव्या पानाशी थांबणारी कादंबरी

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असा: वय 52. बालपण लालबागच्या चाळीत गेलं, आता घर विरारला आणि नोकरी फोर्टात. वडील गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर कापड विणतात त्या खात्यात होते आणि 1982च्या संपानंतर पुन्हा कामावर गेले नाहीत. चार वर्षांपूर्वी ते वारले, आई तुमच्याजवळ असते. वडिलांवर कादंबरी लिहायची म्हणून बारा वर्षांत तीनदा सुरुवात केलीत आणि तिन्ही वेळा साठ-सत्तर पानांवर थांबलात. आता विचारताय, नोकरी सोडून वर्षभर बैठक मारली तर होईल का, की आपल्यात ते मुळातच नाही हे मान्य करून मोकळं व्हावं?

माझ्या पाच कादंबऱ्या प्रसिद्ध झाल्या आहेत आणि गेली 19 वर्षं मी एका प्रकाशनासाठी नवीन लेखकांची हस्तलिखितं वाचते. त्या अनुभवावर सांगते, नोकरी सोडू नका. वेळेची टंचाई हे तुमचं खरं दुखणं असतं, तर तुम्ही एकदा विसाव्या पानावर अडला असता, एकदा नव्वदाव्या, एकदा एकशे चाळिसाव्या. कधी मुलीची परीक्षा आली असती, कधी आईचं आजारपण, कधी ऑफिसातलं ऑडिट. तुम्ही मात्र तिन्ही वेळा एकाच ठिकाणी थांबलात. म्हणजे जे काही आहे ते त्या ठिकाणी आहे. वर्षभराची रजा घेऊनसुद्धा तुम्ही दीड महिन्यात तिथेच येऊन पोहोचाल, फक्त तेव्हा पगार नसेल आणि घरात सगळे तुमच्या तोंडाकडे बघत असतील.

तुमच्यात ते आहे की नाही, हे तुमची पानं न बघता कुणीच सांगू शकणार नाही. पण तुमच्या प्रश्नात मध्येच एक वाक्य आलंय आणि त्यासाठी मी हे एवढं लांब उत्तर लिहायला बसले आहे. त्याच्याकडे शेवटी येते.

आधी साठाव्या पानाचं बघू. माझ्याकडे येणाऱ्या अर्धवट हस्तलिखितांपैकी बरीचशी याच सुमाराला संपतात. पहिली साठ पानं आपल्या आठवणीतून येतात. तुमच्या बाबतीत चाळ, सामाईक नळावरची भांडणं, गॅलरीत वाळत घातलेले कपडे, गणपतीचे दिवस, पहिल्या पाळीचा भोंगा, वडिलांच्या अंगाला येणारा कापसाचा आणि तेलाचा वास. हे सगळं तुमच्याजवळ तयार आहे. ते भराभर उतरतं आणि लिहिताना आनंदही फार होतो. मग 18 जानेवारी 1982 उजाडतो, संप सुरू होतो आणि गोष्ट चाळीच्या बाहेर जाते. वडील दिवसभर कुठे जायचे? सभेत त्यांच्या शेजारी कोण बसायचं? उधारी कुणाकडून घेतली? गावी निघून जावं असं त्यांच्या मनात कधी आलं का? हे तुम्हाला माहीत नाही, कारण तुम्ही तेव्हा नऊ वर्षांचे होतात. आठवणींचा साठा संपला. इथून पुढे शोधायचं असतं किंवा रचायचं असतं. तुम्ही दोन्हींना बिचकलात आणि परत पहिल्या पानावर जाऊन भोंग्याचं वर्णन घासूनपुसून लख्ख करत बसलात. हा माझा अंदाज आहे, पण तो चुकीचा असेल असं वाटत नाही.

माझ्या पहिल्या कादंबरीला सात वर्षं लागली ती याचमुळे. ती माझ्या मावशीवर होती. मावशी आमच्या घरी यायची तेव्हाचं सगळं मला ठाऊक होतं. पण ती दार ओढून तिच्या घरी गेली की पुढे काय, ते मला लिहिताच येईना. मी तिला पुन्हा पुन्हा आमच्याच घरी आणत राहिले. 180 पानं झाली, एका प्रकाशकाकडे दिली, ती चिठ्ठीशिवाय परत आली. तिथेच मुद्रितं तपासणारे एक वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी जिन्यात थांबवून मला सांगितलं, “बाई, तुमची मावशी जाते तेव्हा आम्हाला तिच्याबरोबर जायचं असतं. तुम्ही आम्हाला तुमच्याच ओट्याशी बसवून ठेवता.” त्या रात्री मी पहिल्यांदा मावशीच्या घरात शिरले. खऱ्या मावशीच्या घरी मी तोवर कधी मुक्कामाला राहिले नव्हते. मग मी मनानंच एक घर उभं केलं. त्यात एक बंद पडलेला पंखा होता आणि तिच्या नवऱ्याची एक बॅग होती, ती कधी उघडलेलीच नसायची. ती बॅग कुठून आली हे मला आजही सांगता येणार नाही, पण कादंबरी तिथून चालायला लागली.

म्हणून पहिलं सांगणं असं की साठाव्या पानावर तुम्ही हरत नाही, तिथे तुमची कादंबरी सुरू होते. तोवर लिहिलेली होती आठवणींची वही. ती चांगली असेल, लागेलही, पण ती वेगळी गोष्ट आहे.

पुढे जायचं तर दोन दारं आहेत. एक विचारपूस करण्याचं, दुसरं कल्पनेचं. तुमच्या विषयाला दोन्ही लागतील. विचारपुशीसाठी आई आहेच. तिला “संपाबद्दल सांग” असं म्हणू नका. मोठा प्रश्न विचारला की माणूस भाषण करतो किंवा गप्प बसतो. “त्या पावसाळ्यात रॉकेल कुठून आणायचीस?” असं विचारा. “बाबा सकाळी उठून आधी काय करायचे?” असं विचारा. वडिलांच्या खात्यातलं कुणी हयात असेल तर त्यांना साच्यावरचं काम हातानं करून दाखवायला सांगा. तोंडानं सांगताना जे राहून जातं ते हात बरोबर दाखवतात. दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या संदर्भ विभागात चार शनिवार बसा आणि त्या वर्षाची नियतकालिकं चाळा. बातम्यांइतक्याच जाहिरातीही वाचा. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर असताना शहरात कसली विक्री चालू होती, हे जाहिराती सांगतात.

पण याला मुदत घाला. चार शनिवार म्हणजे चारच. गिरणगावावर लिहिणाऱ्या एका मुलाला मी ओळखते. त्यानं सहा वर्षं माहिती गोळा केली. जॉबर कुणाला म्हणत, बदली कामगाराला पाळी कशी मिळायची, खानावळीचा महिन्याचा दर काय होता, सगळं त्याला तोंडपाठ आहे. कादंबरीचं एक पान नाही. माहिती गोळा करताना आपण काम करतोय असं वाटतं, आणि लिहिण्याची भीती त्याआड आरामात लपून राहते. लिहिताना एखादी गोष्ट ठाऊक नसेल तर तिथे चौकोन काढा, ‘इथे साच्याच्या भागाचं नाव’ असं लिहा आणि पुढचं वाक्य घ्या. माझ्या पहिल्या खर्ड्यात असे शंभरेक चौकोन असतात. शेवटी त्यातले निम्मे भरावेच लागत नाहीत, कारण तो प्रसंगच गळलेला असतो.

तुमच्या विषयात आणखी एक खास अडचण आहे, ती आत्ताच सांगून ठेवते. त्या संपाला सुरुवातीची तारीख आहे, शेवटाची नाही. तो अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. काही लोक हळूहळू कामावर परतले, काही गावी गेले, काहींनी मिळेल ते काम धरलं, आणि पुढे गिरण्यांच्या जागी टॉवर आणि मॉल उभे राहिले. संपाच्या मागे मागे जाणारी कादंबरी म्हणूनच कुठे थांबायचं ते न कळून विरत जाते. तुम्हाला शेवट इतिहासातून मिळणार नाही, तो त्या खोलीतूनच आणावा लागेल. घरात एखादी गोष्ट हरवते, मोडते, विकली जाते, आणि तिचं काय झालं हे कळतं तेव्हा कादंबरी संपते. संप पाठीमागे चालूच राहू दे.

पहिल्या पानाबद्दल तुम्ही विचारलं नव्हतंत, पण सुरुवात म्हणून काही ओळी पाठवल्यात: ‘लालबागच्या त्या जुन्या चाळीत पहाट होत होती. दूरवर गिरणीचा भोंगा वाजला आणि चाळ जागी झाली.’ वाक्यात चूक काही नाही. फक्त त्या चाळीत ही पहाट हजारो वेळा झाली असेल. आजचीच का सांगताय, ते कळत नाही. आता हे वाचा: ‘भोंगा वाजून गेला तरी बाबांनी शर्ट अंगात घातला नव्हता.’ भोंगा आहे, पहाट आहे, बाबा आहेत, आणि काहीतरी बिघडलंय हे मुलाला कळलंय, कारण कळलेलं नाही. हे वाक्य मी तुम्हाला देऊन टाकत नाही. तुमचं तुम्ही शोधा. पण रोजच्या दिवसात काय मोडलं, तिथून आत शिरा. आणि हे काम आत्ता करू नका. सुरुवात सगळ्यात शेवटी लिहायची असते, कारण ती कशाची सुरुवात आहे हे तोवर तुम्हालाही ठाऊक नसतं.

यावरूनच माझा सगळ्यात कडक नियम: पहिला खर्डा शेवटापर्यंत जाईस्तोवर मागे वळायचं नाही. हरिभाऊ आपट्यांच्या कादंबऱ्या 1890 साली सुरू झालेल्या ‘करमणूक’ साप्ताहिकात क्रमशः येत. छापून गेलेलं प्रकरण परत घ्यायची सोयच नव्हती, पुढचंच लिहायला लागायचं. आपल्याला ती सक्ती नाही, म्हणून ती स्वतःवर घालून घ्यायची. मी काल लिहिलेल्यातल्या शेवटच्या चार ओळीच वाचते आणि पुढे जाते. मधेच लक्षात आलं की शेजारच्या काकूंना मुलगी नको, मुलगा हवा, तर समासात तशी नोंद करते आणि पुढच्या पानापासून मुलगाच लिहिते. पहिला खर्डा ओबडधोबड होतो. माझे तर वाचवत नाहीत. पण ओबडधोबड का होईना, शेवटापर्यंत गेलेला खर्डा दुरुस्त करता येतो. तीन सुरेख सुरुवाती असल्या तर त्यांचं काय करणार?

वेळेचा हिशोब करून टाकू. साधारण 200 पानांची मराठी कादंबरी म्हणजे पन्नास ते साठ हजार शब्द. रोज 300 शब्द, आठवड्यातून पाच दिवस, म्हणजे आठवड्याला 1,500. चाळीस आठवड्यांत 60,000. सणवार, पाहुणे, ताप धरून वर्ष. 300 शब्द म्हणजे वहीचं दीड-दोन पान, अर्ध्या-पाऊण तासाचं काम. ते कुठे बसवायचं, हे मात्र ज्याच्या त्याच्या घरावर आहे. मी पहाटे पावणेपाच ते साडेपाच स्वयंपाकघरात लिहायचे, कारण तेव्हा माझ्याकडे कुणी काही मागत नसे. तुमचा विरार ते चर्चगेट प्रवास दीड तासाचा. बसायला मिळत असेल तर फोनवर लिहा. कितीतरी लोक लिहितात. उभ्यानं जात असाल तर लिहायच्या फंदात पडू नका. चढताना मनात एकच प्रश्न घेऊन चढा, ‘आई दुकानदाराला काय सांगते?’ एवढाच, आणि उतरेपर्यंत तो घोळवा. फलाटावरून ऑफिसपर्यंत चालताना उत्तर फोनमध्ये बोलून ठेवा. संध्याकाळी ते कागदावर उतरवायला वीस मिनिटं पुरतात. चार दिवस चुकले तर पाचव्या दिवशी 1,500 शब्द भरून काढायला बसू नका. त्या ओझ्यानंच वही मिटते. पुन्हा 300पासून.

भाषेची तुमची शंका रास्त आहे: घरात मालवणी, चाळीत घाटावरची बोली, शाळेत प्रमाण मराठी, आता कादंबरी कुठल्या भाषेत? निवेदन करणारा माणूस कोण, यावर ते ठरतं. आज 52 वर्षांचा झालेला मुलगा सांगत असेल तर त्याची भाषा आज तुम्ही घरात बोलता ती. संवाद मात्र ज्याच्या त्याच्या तोंडचे. वडील रागावले की मालवणीत जात असतील तर तिथे मालवणीच हवी, तळटीप न देता. वाचक अडत नाही, सूर त्याला कळतो. फक्त बोली सजावट म्हणून वापरू नका. प्रत्येक संवाद मोठ्यानं वाचा, आणि मालवणीचे संवाद आईसमोर वाचा. ती जिथे हसेल किंवा “अशे बोलूक नाय ते” म्हणेल तिथे खूण करा. यापेक्षा चांगला संपादक तुम्हाला कुठे मिळणार नाही.

कार्यशाळेला जावं का? जमलं तर जा, माणसं भेटतात. पण पहिला खर्डा पूर्ण व्हायच्या आत पानं वाचून दाखवू नका. कौतुक झालं तरी लिहिणं थांबतं आणि टीका झाली तरी थांबतं. खर्डा झाल्यावर दोन वाचक निवडा. एक भरपूर वाचणारा, दुसरा गिरणगावातला. ‘कशी वाटली’ असं विचारू नका. ‘कुठे कंटाळलात, कुठल्या पानावर वही खाली ठेवलीत’ असं विचारा.

छपाईचं आता थोडक्यात, कारण ती वेळ अजून यायची आहे. एखादं प्रकरण स्वतंत्र कथा म्हणून उभं राहत असेल तर दिवाळी अंकाला पाठवा. अंकांचं काम उन्हाळ्यातच सुरू होतं, दसऱ्याला पाठवून उपयोग नाही. पहिल्या पुस्तकासाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांना अनुदान देणारी योजना आहे, तिच्या अटी तेव्हाच्या तेव्हा पाहून घ्या. प्रकाशकानं पैसे मागितले तर त्याबदल्यात प्रती किती, संपादन कोण करणार, वितरण कुठे, हे लेखी घ्या. उत्तर नसेल तर उठून या. कॉपीराइट लिहिल्या क्षणापासून तुमचा असतो, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. तो दुसऱ्याला देण्याचा करार 1957च्या कायद्याप्रमाणे लेखीच लागतो. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. तरीही मुदत, आवृत्ती, मानधन आणि चित्रपटाचे हक्क स्पष्ट लिहून घ्या. मी माझ्या पहिल्या पुस्तकाच्या वेळी काहीच लिहून घेतलं नव्हतं. त्याची दुसरी आवृत्ती निघाल्याचं मला एका वाचकाकडून कळलं. आणखी एक बारीक गोष्ट: तुम्ही फोनवर युनिकोडमध्ये लिहिलेलं छपाईसाठी दुसऱ्या फॉन्टमध्ये बदलतात तेव्हा जोडाक्षरं आणि रफार हमखास बिघडतात. मुद्रितं स्वतः वाचा, शब्दन् शब्द.

मराठी कादंबरी वाचतं कोण, असंही विचारलंत. पहिली आवृत्ती बहुधा पाचशे ते हजार प्रतींची निघते. हा आकडा लहान वाटतो. पण तुमच्या चाळीतल्या सगळ्या खोल्यांतली माणसं मोजली तरी हजार होणार नाहीत, आणि तुम्ही त्यांच्यासाठी बारा वर्षं धडपडताय. कादंबरीवर घर चालणार नाही, म्हणून तर नोकरी सोडू नका म्हणते. लिहिणं मात्र सोडू नका. 52 हे वय उशिराचं नाही. पंचविशीत तुम्ही वडिलांवर रागावला असता. आता त्यांच्या त्या वेळच्या वयापेक्षा तुम्ही मोठे आहात आणि बेकार बसलेल्या त्या माणसाकडे समोरून बघू शकता. त्या वयात हे पुस्तक तुम्हाला लिहिता आलं नसतं.

आता ते वाक्य. घरची परिस्थिती सांगताना तुम्ही कंसात टाकल्यासारखं लिहिलंत: ‘संपाच्या आठव्या महिन्यात आईनं भिंतीवरचं घड्याळ विकलं, नंतर कितीतरी दिवस आम्ही वेळ विचारायला शेजारी जायचो.’ तुम्ही लगेच पुढच्या विषयावर गेलात, मी तिथेच थांबले. ज्या माणसाचं सगळं आयुष्य पाळीच्या वेळेवर चाललं, त्याच्या घरात घड्याळच उरलं नाही. ते उतरवलं तेव्हा बाबा घरात होते का? त्यांना आधी सांगितलं होतं का? भिंतीवर त्याचा गोल डाग राहिला असेल, त्यावर कुणी काही टांगलं का? शेजाऱ्यांना रोज वेळ विचारायला कोण जायचं, तुम्ही की बहीण, आणि ते एक दिवस वैतागून काय बोलले? ते विकत घेणारा चाळीतलाच होता का? संप मोडून आत गेलेल्यांपैकी तर नव्हता?

यातलं तुम्हाला फारसं ठाऊक नसणार. म्हणजे साठावं पान हेच. त्या तीन वह्या जपून ठेवा, पण आता उघडू नका. चौथी वही घ्या आणि आई भिंतीवरून घड्याळ उतरवते तिथून लिहा. ते कुणी घेतलं, हे या रविवारी तिला विचारा. तिला आठवलं तर त्या माणसाचं नाव बदला. नाही आठवलं तर तो कोण हे तुम्ही ठरवा, आणि पिशवी घेऊन त्याला तुमच्या दारात उभा करा.